चढावर दम तोडणारी गाडी: पेट्रोल नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

दुचाकी पुणे शहरात व्यवस्थित पळते. कात्रजचा घाट लागला की दोन-तीन वळणांनंतर पिकअप बसतो, इंजिन झटके खातं, रेस पिळली तर आणखीच मरतं आणि शेवटी बंद पडतं. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की पहिल्या किकला चालू. थोडं अंतर जातं आणि पुन्हा तेच. गॅरेजला नेली की "कार्बोरेटर साफ करावा लागेल" हे उत्तर ठरलेलं. तो साफ होतो, महिनाभर गाडी छान चालते आणि एखाद्या रविवारी सिंहगडाच्या रस्त्यावर किंवा बोपदेव घाटात परत उभी राहते.

असं वारंवार होणाऱ्यांसाठी हे लिहितोय. रात्री ताम्हिणीत, मागे कुणीतरी बसलेलं आणि मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी गाडी बंद पडणं फार वाईट. त्यात एकाच दुखण्यासाठी चार वेळा पैसे मोजलेली माणसं बघितली की वाटतं, शोधायची पद्धत एकदा नीट सांगायला हवी. कार्बोरेटरमध्ये कचरा साचतो, पण तो तयार होतो दुसरीकडे: टाकीत, टाकीखालच्या कॉकमध्ये (पेट्रोलच्या तोटीत), फुगलेल्या पाइपच्या आतल्या थरात. तो जिथून येतो ती जागा तशीच राहिली तर कितीही वेळा कार्बोरेटर उघडा, दुखणं परत येणारच. म्हणून नियम एकच ठेवा. पेट्रोल टाकीपासून कुठपर्यंत पोहोचतंय हे सिद्ध झाल्याशिवाय कार्बोरेटरला पाना लावायचा नाही.

आधी एक हिशेब

सपाटीला चांगली आणि चढाला बंद, हे का होतं ते आकड्यांत बघू. लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी ताशी ५० च्या वेगाने चालली तर तासाला एक लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे मिनिटाला साधारण १७ मिली, जेमतेम तीन-साडेतीन चहाचे चमचे. तीच गाडी डबलसीट घाट चढताना लिटरला २० वर आली आणि वेग ४० राहिला, तर तासाला दोन लिटर लागतात, मिनिटाला ३३ मिली. खप दुप्पट झाला.

आता समजा, कुठेतरी अडथळा आहे आणि कार्बोरेटरपर्यंत मिनिटाला २५ मिलीच पोहोचतंय. लक्ष्मी रोडच्या गर्दीत, कर्वे रस्त्याच्या सिग्नलवर तुम्हाला काहीच जाणवणार नाही. घाटात मात्र जितकं येतं त्यापेक्षा जास्त जळायला लागतं. कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत थोडंसं पेट्रोल शिलकीत असतं, त्यावर सुरुवातीची वळणं निघतात. वाटी रिकामी झाली की इंजिन मरतं. तुम्ही थांबता, तेवढ्यात तीच बारीक धार वाटी पुन्हा भरते आणि गाडी चालू होते. गाडी गरम झाली होती, आता थंड झाली म्हणून चालू झाली, असं आपण समजतो. खरं तर पुष्कळदा फक्त वाटी भरलेली असते.

पेट्रोल की करंट?

वेळ घेऊन चालू होण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते इंधनाशी अजिबात संबंधित नाही. खराब होत आलेली पिकअप कॉइल किंवा सीडीआय (दोन्ही ठिणगी पाडणारे विजेचे भाग) गरम झाल्यावर करंट देणं थांबवतात आणि थंड झाल्यावर पुन्हा देतात. लक्षण बाहेरून अगदी सारखं दिसतं. त्यामुळे हा फरक पहिल्यांदा करायचा, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया.

बंद पडताना गाडी कशी वागली ते आठवा. पेट्रोल कमी पडून मरणारी गाडी सांगून मरते: आधी ओढ कमी होते, मग झटके, रेस सोडली तर जरा सावरते, पिळली तर गुदमरते. करंट गेलेली गाडी स्विच बंद केल्यासारखी एकदम थांबते किंवा सायलेन्सरमध्ये फटके मारते. दुसरी खूण चोकची. दम तुटायला लागल्यावर, रस्ता मोकळा असेल तर, चोक अर्धा ओढा. क्षणभर जरी इंजिनाने उचल घेतली तरी पेट्रोल कमी पडतंय असं समजा. चोकने आणखी घुसमटली, तर पेट्रोल जास्त होतंय किंवा मामला करंटचा आहे.

खात्री प्लगनेच होते. सीटखाली एक जास्तीचा, चालू स्थितीतला प्लग आणि प्लगपाना ठेवा. गाडी बंद पडल्या पडल्या कॅप काढून त्या जास्तीच्या प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या फिन्सना टेकवा आणि किक मारा. निळी, टणक ठिणगी दिसली तर करंट आहे. ही तपासणी पेट्रोलचं काहीही उघडण्याच्या आधी करायची. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं असताना ठिणगी पाडणं म्हणजे जिवाशी खेळ.

सगळं उत्तर बंद पडलेल्या क्षणी असतं

गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ती चालू असते. म्हणून मेकॅनिकलाही अंदाजच करावा लागतो, यात त्याचा दोष नाही. पुरावा रस्त्याच्या कडेला, त्या पहिल्या दहा मिनिटांत असतो आणि आपणच तो घालवतो, कारण कॉक चालू ठेवून वाट बघत बसतो.

म्हणून गाडी मेल्यावर सुरक्षित जागी बाजूला घ्या, चावी बंद करा आणि ताबडतोब पेट्रोल कॉक ऑफ करा. आता वाटीत जे आहे तेच राहणार, नवीन पेट्रोल येणार नाही. मग चावी तेवढ्यापुरती चालू करून आधी करंट तपासा, चावी पुन्हा बंद करा आणि त्यानंतर टाकीचं झाकण हळूच उघडून कान द्या. हवा आत ओढल्याचा सुस्स आवाज आला तर बरंचसं उत्तर तिथेच मिळालं, पण थांबू नका. झाकण लावा. इंजिन आणि सायलेन्सर निवेपर्यंत बसा. कॉक बंद असल्याने घाई नाही. मग वाटीच्या तळाला जो निचऱ्याचा स्क्रू असतो, त्याच्या नळीला लहान पाइप जोडून तो पारदर्शक बाटलीत सोडा आणि स्क्रू एक-दोन आटे सैल करा.

बाटलीत काहीच आलं नाही किंवा चार थेंब आले, तर वाटी रिकामी होती. दोष वाटीच्या वरच्या बाजूला: झाकण, टाकी, कॉक, फिल्टर, पाइप किंवा फ्लोटची सुई (वाटीत पेट्रोल घेणारा-थांबवणारा दरवाजा). भरपूर पेट्रोल आलं, तर पुरवठा ठीक आहे आणि दोष खाली: जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी), हवेची गळती, किंवा करंट. अर्धी गाडी तुम्ही एका स्क्रूने निर्दोष ठरवली. बाटली फेकू नका, तिच्यात पाणी किंवा गंज आहे का तेही पुढे बघायचं आहे.

सिगारेट, काडेपेटी, मोबाइलचा टॉर्च नसेल म्हणून लावलेला लायटर, यातलं काहीही जवळपास नको.

वाटी रिकामी निघाली तर

झाकणापासून सुरू करा, कारण ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी. झाकणात त्यासाठी बारीक वाट असते. ती धुळीने, वॉशिंग सेंटरच्या फोमने किंवा गंजाने बुजली की टाकीत ओढ (व्हॅक्यूम) तयार होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. पुण्यात पावसाळ्यात हे हमखास दिसतं, कारण पाणी जाऊ नये म्हणून लोक झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून घट्ट बांधतात. हेतू चांगला, पण हवेचा रस्ताच बंद होतो. रेक्झिनचं टाकी कव्हर चिखलाने चिकटून बसलं तरी तेच.

या दोषाची एक खास खूण आहे. टाकी फुल असताना गाडी लवकर बंद पडते आणि निम्मी असताना बऱ्याच उशिरा. फुल टाकीत वर हवा अगदी थोडी असते, म्हणून थोडं पेट्रोल गेलं तरी ओढ वाढते. निम्म्या टाकीत हवा भरपूर, ओढ तयार व्हायला वेळ लागतो. "पेट्रोल भरलं की गाडी बिघडते, पंपावरच भेसळ आहे" अशी तक्रार येते तेव्हा मी पहिल्यांदा झाकण बघतो.

पडताळणी सोपी आहे. नेहमी जिथे बंद पडते त्याच्या बऱ्याच आधी थांबा, झाकण एकदा उघडून लावा आणि पुढे निघा. बंद पडण्याची जागा पुढे सरकली तर झाकणच. झाकण उघडं ठेवून गाडी चालवू नका, डुचमळलेलं पेट्रोल गरम इंजिनावर येतं. दुरुस्ती म्हणजे झाकण काढून रॉकेलने धुणं आणि हवेच्या पाइपने फुंकणं. त्याने भागलं नाही तर नवीन झाकण. काही जण झाकणाला ड्रिलने भोक पाडून देतात, ते मात्र करू नका. त्या भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि गाडी आडवी झाली तर पेट्रोल बाहेर येतं.

झाकण निर्दोष असेल तर घरी धारेची चाचणी घ्या. मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना, कार्बोरेटरकडचं पाइपचं टोक काढून मापाच्या बाटलीत सोडा आणि कॉक ऑन करा. एक मिनिट नाही, किमान तीन मिनिटं बघा, बाटली भरली तर दुसरी लावा. सुरुवातीला जोरात येऊन नंतर बारीक होणारी धार हीच आपल्या रोग्याची नाडी. मिनिटाला दीडशे मिली तरी सलग यायला हवं, असा माझा मापदंड आहे. वरचा हिशेब बघितला तर इतकं कशाला असं वाटेल, पण टाकी तळाला आलेली असते, फिल्टरमध्ये हवेचा बुडबुडा असतो, गाडी चढाला कललेली असते. तेवढी पुंजी हाताशी हवी. हीच चाचणी झाकण उघडं ठेवून परत करा. फरक पडला तर झाकणाकडे परत जा.

आता कॉक रिझर्व्हवर फिरवा आणि धार पुन्हा बघा. टाकीच्या आत कॉकच्या दोन वाटा असतात. ऑनची नळी उंच असते, रिझर्व्हची वाट अगदी तळाशी. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली असून ऑनवर धार बारीक आणि रिझर्व्हवर जोरदार असेल तर उंच नळी किंवा तिची जाळी बुजली आहे. दोन्हीकडे बारीक असेल तर कॉकच्या आतला रबरी वायसर फुगून भोकं झाकत असेल किंवा कॉकच्या तळाच्या कपात चिखल असेल. तो कप ज्या गाड्यांना आहे त्यांनी तो अधूनमधून उघडावा. नाना पेठेत कॉकचं किट मिळतं, पण आपला जुना कॉक सोबत घेऊन जा. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या सालांचे वायसर वेगळे असतात आणि भोकांची जागा जरा चुकली तरी धार अर्धी होते.

रिझर्व्हबद्दल एक गोष्ट. वर्षभर ऑनवर चालवलेली गाडी एक दिवस रिझर्व्हवर घेतली आणि थोड्याच वेळात बिघडली, असं बरेच जण सांगतात. तळाशी साचलेलं पाणी आणि गंज त्या दिवशी पहिल्यांदा खाली उतरतो. टाकीचा तळ स्वच्छ असेल तर रिझर्व्हला घाबरायचं कारण नाही. घाबरावं लागत असेल तर टाकी धुवायची वेळ झाली आहे.

मग फिल्टर आणि पाइप. बाजारात मिळणारा कोणताही फिल्टर इथे चालत नाही. पंपाच्या दाबावर चालणाऱ्या चारचाकीचा कागदी फिल्टर बाइकला लावला तर फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरणारं पेट्रोल त्यातून पुरेसं झिरपत नाही. "फिल्टर लावल्यापासून त्रास" ही तक्रार खरी असते. बाइकसाठीचा लहान, मोकळ्या जाळीचा फिल्टर घ्या, त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे ठेवा आणि पाइप कुठेही वर चढून खाली येणार नाही असा बसवा. वर आलेल्या वळशात हवा अडकते. पाइप इंजिनाच्या हेडला टेकलेला नको. एप्रिल-मेच्या उन्हात, सिग्नलला अडकलेल्या गाडीत त्या जागी पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पेट्रोलला अडवते.

जुना पाइप बाहेरून चांगला दिसतो म्हणून सोडू नका. इथे इथेनॉलचा विषय येतो. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधल्या २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला आणि आज पंपावर सर्रास तेच मिळतं. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेला मळ सोडवून खाली आणतं. जुन्या गाड्यांचे कॉकचे वायसर, पाइप, फ्लोटच्या सुईचं टोक हे सगळं एकदा बदलून घेतलं की पुढचा बराच त्रास वाचतो. खर्च मोठा नाही.

पाइपच्या टोकापर्यंत धार जोरदार असूनही वाटी रिकामी निघत असेल, तर उरतो वाटीचा दरवाजा: फ्लोट आणि सुई. मळाने सुई वरच चिकटते किंवा फ्लोटची पट्टी वाकून वाटी अर्धीच भरते. ते बघायला कार्बोरेटर न उतरवताही चालतं. निचऱ्याच्या नळीला पारदर्शक पाइप लावा, तो वाटीच्या कडेला उभा धरा आणि स्क्रू सैल करा. पाइपमध्ये पेट्रोल ज्या उंचीवर थांबतं तीच वाटीतली पातळी. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेशी ती ताडून बघा.

कार्बोरेटरवाल्या ॲक्टिव्हासारख्या स्कूटरना हाताने फिरवायचा कॉक नसतो. तिथला कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो. त्याची बारीक पाइप काढून सिरिंजने हवा ओढा. धार सुरू झाली पाहिजे आणि ओढ सोडल्यावर थांबली पाहिजे. तोंडाने ओढू नका. त्या बारीक पाइपात पेट्रोल ओलं दिसलं तर आतला पडदा फाटला आहे आणि पेट्रोल थेट इंजिनात जातंय. कॉक बदला.

वाटी भरलेली, तरी दम नाही

आता कार्बोरेटर उघडायला हरकत नाही. पण कोणत्या रेसला त्रास होतो ते आधी लिहून ठेवा. स्लो राहत नाही, सिग्नलला बंद पडते, सकाळी चोकशिवाय चालतच नाही: पायलट जेट. मधल्या रेसला अडखळते: रेसबरोबर वर-खाली होणारी सुई (फ्लोटची नव्हे) आणि तिची क्लिप. फुल रेसला गुदमरते: मेन जेट. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं आणि दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत सर्वांत आधी तेच बुजतं. घरचे सगळे मेट्रोने जायला लागले आणि गाडी पार्किंगमध्ये धूळ खात राहिली, अशा गाड्यांचं हेच दुखणं. जेट तारेने किंवा पिनेने टोकरू नका, भोक मोठं झालं की अ‍ॅव्हरेज कायमचं जातं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. जेटमधून उजेडाकडे बघा, गोल, स्वच्छ ठिपका दिसायला हवा.

जेट स्वच्छ असूनही गाडी पेट्रोल कमी मिळाल्यासारखी वागत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबरी बेंड बघा. त्याला चीर पडली की जास्तीची हवा आत शिरते. चीर बाहेरून दिसत नाही, बेंड हाताने वाकवल्यावर उघडते. सीव्ही कार्बोरेटर (ज्यात इंजिनाच्या ओढीने पिस्टन उचलला जातो) असलेल्या गाड्यांमध्ये वरचं झाकण काढून पिस्टनचा रबरी पडदा उजेडात धरा. टाचणीएवढं छिद्र असलं तरी पिकअप बसतो.

प्लगचा रंग शेवटचा साक्षीदार. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, काळा आणि काजळी म्हणजे जास्त, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. ज्यांच्याकडे अजून आरएक्स १०० सारखी टू-स्ट्रोक आहे त्यांनी पांढरा प्लग अंगावर काढू नये. पेट्रोल कमी म्हणजे उष्णता जास्त, आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याची किंमत पिस्टन जाम होण्यात मोजावी लागते.

पाणी

ती निचऱ्याची बाटली आता हातात घ्या. थोडा वेळ स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसतील. इथेनॉलमुळे हा थर जरा फसवा होतो. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, त्यामुळे काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की ते पाण्यासकट खाली बसतं. मग तळाचा थर अपेक्षेपेक्षा मोठा दिसतो आणि गाडी तोच थर ओढते.

पाणी येतं कुठून? पुष्कळदा झाकणाभोवतीच्या खोलगट भागातून. तिथे पडलेलं पाणी वाहून जायला बारीक भोक आणि खाली जाणारी नळी असते. ती मातीने बुजली की पावसाचं पाणी झाकणाभोवती तळ्यासारखं साचतं आणि गॅस्केटमधून आत झिरपतं. जूनच्या आधी त्या भोकात पाणी टाकून बघा, गाडीखाली ठिबकलं पाहिजे. प्रेशरने धुतल्यावर दुसऱ्या दिवशी त्रास सुरू होणाऱ्या गाड्यांचंही बहुतेक हेच कारण.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा शेकडो घरांसमोर हा प्रश्न उभा राहिला असणार. अशा गाडीचा सेल मारू नका, किकही नको. टाकी, वाटी, एअर फिल्टर आणि इंजिन ऑइल, सगळं रिकामं करून, प्लग काढून मगच पुढे.

टाकीत टॉर्च मारून लालसर भिंती दिसल्या तर मात्र पळवाट नाही. टाकी उतरवा, कॉक काढा, गंज काढणारं द्रावण वापरून धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच पेट्रोल भरा. धुऊन उघडी ठेवलेली टाकी पुन्हा गंजते. पत्रा खालून बारीक झाला असेल तर नवीन टाकी घेणंच शहाणपणाचं.

उलटा दोष: गाडी ओव्हर होते

फ्लोटच्या सुईखाली कण अडकला की वाटीचा दरवाजा बंदच होत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकतं. लोक कार्बोरेटरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकतात, कण हलतो, थेंब थांबतात. तात्पुरतं ठीक, पण याकडे दुर्लक्ष करू नका. पेट्रोल बाहेर पडलं नाही तर ते रात्रभर सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. पार्क करताना कॉक ऑफ करण्याची जुनी सवय यासाठीच होती.

एफआय (फ्यूएल इंजेक्शन) गाडी असेल तर

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस ६ नियम आला आणि बहुतेक नव्या बाइक इंजेक्शनवर गेल्या. तिथे वाटी नाही, जेट नाही, कॉक नाही. पण पेट्रोलची वाट तीच आणि शोधायची रीतही तीच.

चावी आणि किल स्विच ऑन केला की टाकीतून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते. तो पंप दाब तयार करतो. आवाजच नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग आडवी पडल्यावर इंजिन तोडणारा टिल्ट सेन्सर. आवाज आहे पण गाडी चढाला मरते, तर दाब मोजायला हवा. अनेक बाइकमध्ये तो साधारण ३ बारच्या आसपास असतो, नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेत मिळेल. चालू गाडीत, रेस वाढवताना दाब घसरत असेल तर पंपाच्या तोंडाची जाळी बुजली आहे किंवा पंप थकला आहे. हे काम गेज असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. दाब असलेला पाइप घरी उपटला तर पेट्रोलचा फवारा उडतो.

इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकतो ते मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, मेकॅनिकला कोड कळतो. पण दिवा लागला नाही म्हणून इंधनाचा दोष नाही, असं समजू नका. बुजलेली जाळी दाखवणारा सेन्सर या बाइकमध्ये सहसा नसतो.

दोन सवयी मोडाव्यात. काटा तळाला लागेपर्यंत रोज चालवू नका, कारण पंप थंड राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळेच. आणि पंपावर "गळ्यापर्यंत भर" म्हणू नका. या गाड्यांमध्ये टाकीची वाफ कॅनिस्टरमध्ये (वाफ शोषून ठेवणाऱ्या डब्यात) जाते. जास्तीचं पेट्रोल त्यात शिरलं की गरम गाडी चालू व्हायला त्रास देते आणि कॅनिस्टरची वाट बुजली तर टाकीत तीच ओढ तयार होते, जी आपण झाकणापाशी बघितली.

दुरुस्ती झाल्यावर

चौकातल्या चौकात चक्कर मारून गाडी ताब्यात घेऊ नका. टाकी भरपूर भरा, डबलसीट बसा आणि ज्या चढावर ती मरायची त्याच चढावर न्या. फक्त संध्याकाळची गर्दी टाळा. बोपदेव या कामाला सोयीचा आहे, चढ सलग आहे आणि दम असला-नसला लगेच कळतं. टाकी निम्म्यावर आली की हीच फेरी पुन्हा करा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी वाटीचा निचरा बाटलीत घ्या. पेट्रोल स्वच्छ असेल तर काम झालं. तळाला लाल भुकटी बसली तर कार्बोरेटरला हात न लावता टाकी उतरवा.